कॅबिनेटचं झाकण काढून बघा

संगणक घ्यायला आलेले निम्मे लोक कॅबिनेटलाच ‘सीपीयू’ म्हणतात. खरा सीपीयू आतमध्ये असतो आणि मुठीत मावतो. आपण पैसे मोजतो तेव्हा मात्र डबा बाहेरूनच बघतो. मीही तेच करायचो.

२००६ चा मे महिना. नागपुरात लग्नपत्रिकांचं डीटीपी करणाऱ्या एका गृहस्थांना मी संगणक जोडून दिला होता. पुढे निळे दिवे, डबा झकास! पण दुपारचे दोन वाजले की संगणक आपोआप बंद. सेव्ह न केलेल्या पत्रिका गेल्या. ऐन लग्नसराईत त्या माणसाने रात्ररात्र जागून त्या पुन्हा जुळवल्या. मी रॅम बदलली, विंडोज नव्याने टाकलं. उपयोग शून्य. शेवटी वैतागून झाकण काढून ठेवलं, तर संध्याकाळपर्यंत यंत्राने हूं की चूं केलं नाही. दिव्यांमागे सलग पत्रा होता, हवा आत यायला वाटच नव्हती. त्यात पट्टीसारख्या रुंद केबल्स पंख्यासमोर लोंबत होत्या. निवड माझी होती, म्हणून नवं कॅबिनेट माझ्या खर्चाने दिलं.

तेव्हापासून दुकानात आधी झाकण काढायला लावतो. पत्र्याच्या कडांवरून जपून बोट फिरवतो. कड दुमडलेली नसेल तर ती हात कापणार; माझ्या अंगठ्यावर खूण आहे. मग हवेची वाट बघतो. थंड हवा समोरच्या जाळीतून आत, गरम हवा मागून आणि वरून बाहेर. हल्ली समोर काच लावतात. दिसते छान, पण बाजूला पुरेशा फटी नसतील तर पंखे नुसतेच फिरतात. जाळीमागची गाळणी सहज निघते का, हेही बघतो. आपल्याकडच्या धुळीत ती वरचेवर धुवावी लागते. मदरबोर्डच्या पत्र्यामागे दोनेक सेंटिमीटर जागा असली की केबल्स तिकडे दडवता येतात. त्याच पत्र्याला प्रोसेसरच्या मागे मोठा चौकोन कापलेला असेल, तर कूलर बदलताना सहसा सगळा बोर्ड उचकटावा लागत नाही. ग्राफिक्स कार्डाची लांबी मात्र टेप लावूनच मोजा. आजची काही कार्डं तीस सेंटिमीटरच्या पुढे जातात.

तो निळ्या दिव्यांचा डबा मी अजून टाकलेला नाही. गिऱ्हाईक दिव्यांवर भाळलं, की त्याचं तोंड उघडून आतला पत्रा दाखवतो.