छोट्या गाडीचे शॉकअप

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मंडळी, रेडिओवर चालणारी खेळण्यातली गाडी आता जत्रेतसुद्धा मिळते. पण मी आज बोलणार आहे ती गाडी जरा वेगळ्या घराण्यातली आहे. जपानमधील शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीने १९७६ मध्ये आपली पहिली रेडिओ-नियंत्रित गाडी काढली, ती पोर्शे ९३४. पुढे १९८४ मध्ये त्यांची ‘हॉर्नेट’ आली. खोक्यात सुटे भाग यायचे आणि ज्याने त्याने ती आपल्या हाताने जोडायची. आकाराने खऱ्या गाडीच्या सुमारे एकदशांश, आणि पळायची ती माती-खडीतून. अशी एक जुनी हॉर्नेट माझ्याकडे आहे. तिचे सस्पेन्शन, म्हणजे चाकांना बसणारा धक्का सोसण्याची व्यवस्था, जुळवायची कशी, ते आज सांगतो.

हॉर्नेटची एक खोड शौकिनांना चांगली ठाऊक आहे. खडबडीत जागी ती टुणटुण उड्या मारते. याचे कारण तिच्या बांधणीत आहे. मागच्या बाजूला विजेची मोटर, गिअरबॉक्स आणि चाकांचा आस हे सगळे एकाच तुकड्यात आहे. चाक दगडावर चढले, की हे सारे ओझे त्याच्याबरोबर उचलले जाते. नुसत्या मोटरचेच वजन दीडशे ग्रॅमच्या वर. पुढची दोन चाके स्वतंत्रपणे हलतात, पण तिथे नुसत्या स्प्रिंगा आहेत. गॅरेजमध्ये आपण ज्याला ‘शॉकअप’ म्हणतो, तो तेलाचा दांडा फक्त मागे आहे. त्याच १९८४ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात निघालेल्या ‘आरसी-१०’ या गाडीत चारही चाके स्वतंत्र होती आणि चारही ठिकाणी तेलाचे शॉकअप होते. पण ती शर्यतीसाठी होती. हॉर्नेट ही सोपी आणि दणकट गाडी.

आता स्प्रिंग आणि तेल यांची कामे वेगळी आहेत, हे आधी ध्यानात घ्यायला हवे. स्प्रिंग धक्का पोटात घेते, पण लगेच परत करते. झोपाळ्याला एक झोका दिला, तर तो कितीतरी वेळ हलत राहतो, तसेच. तो झोका थांबवायचे काम तेलाचे. शॉकअपच्या नळीत एक दट्ट्या असतो आणि त्याला बारीक भोके असतात. दट्ट्या हलला, की तेलाला त्या भोकांतून वाट काढावी लागते. त्या ओढाताणीत धक्क्याची शक्ती उष्णतेत जिरून जाते. तेल घट्ट किंवा भोके कमी, तर हालचाल संथ. तेल पातळ किंवा भोके जास्त, तर हालचाल सैल.

गाडी उडते म्हटल्यावर बहुतेक जण आधी स्प्रिंग कडक करतात. त्याने उड्या थांबत नाहीत. चाक खळग्यात उतरण्याऐवजी वरच्यावर तरंगते, आणि जमिनीला न टेकलेले चाक गाडीला ना पुढे नेऊ शकते ना वळवू शकते. दुसरा समज असा, की स्प्रिंगखाली प्लॅस्टिकची कडी सरकवली म्हणजे स्प्रिंग कडक होते. होत नाही. गाडीची उंची तेवढी वाढते. स्प्रिंगचा कडकपणा आहे तोच राहतो.

माझी पद्धत साधी आहे. आधी स्प्रिंगा काढून ठेवायच्या आणि सगळे सांधे हाताने हलवून पाहायचे. ते आपल्याच वजनाने खाली पडले पाहिजेत. अडले, तर माती साचलेली असते किंवा एखादा स्क्रू जास्त आवळलेला असतो. मग शॉकअपमध्ये सिलिकॉनचे तेल भरायचे. दट्ट्या हळूहळू वर-खाली करायचा आणि बुडबुडे वर येईपर्यंत नळी तशीच उभी ठेवायची. आत हवा राहिली, तर चांगल्यातले चांगले तेलही उपयोगाचे नाही. शेवटी गाडी वीतभर उंचीवरून सपाट फरशीवर सोडायची. ती दबली पाहिजे, वर आली पाहिजे आणि गप्प बसली पाहिजे. पुन्हा उसळली तर तेल थोडे घट्ट हवे. दगडासारखी आदळली तर पातळ हवे. एका वेळी एकच बदल करायचा आणि तो वहीत लिहायचा. दोन बदल एकदम केले, तर गुण कशाने आला ते कळत नाही. तारीख आणि हवामानही लिहावे, कारण उन्हात तेल पातळ होते. डिसेंबरच्या सकाळी बसवलेली गाडी मेच्या दुपारी थोडी सैल वाटते.

एवढा खटाटोप कशासाठी? खेळण्यासाठी तर आहेच, पण आणखी एक कारण आहे. चाळीस वर्षांचे प्लॅस्टिक ठिसूळ झालेले असते. सस्पेन्शनने न सोसलेला धक्का कुठेतरी जातोच, आणि तो जातो त्या जुन्या प्लॅस्टिकमध्ये. पुढचा हात तडकतो, शॉकअप बसवण्याची जागा तुटते. नीट जुळवलेले सस्पेन्शन हाच अशा गाडीचा खरा विमा.

काही संग्राहक म्हणतात, जुनी गाडी काचेच्या कपाटातच शोभते. त्यांचे म्हणणे मी समजू शकतो. पण तामियाने २००४ मध्ये हॉर्नेट पुन्हा बाजारात आणली. त्यामुळे मातीत झिजवायला नवे भाग वापरता येतात. मूळचे भाग काढून, चिठ्ठी लावून डबीत ठेवावेत. नवे भोक पाडू नये, जुना भाग कापू नये. उद्या गाडी दुसऱ्याच्या हाती गेली, तर त्याला ती १९८४ साली खोक्यातून निघाली तशी पुन्हा उभी करता आली पाहिजे. एवढी मर्यादा पाळली, की गाडी खुशाल मातीत उतरवावी.