नाव तेच, वस्ती दुसरी



सुनील दत्त 'मुंबई उत्तर-पश्चिम'चे खासदार. त्यांच्या निधनानंतर २००५ च्या पोटनिवडणुकीत प्रिया दत्त तिथूनच निवडून आल्या. २००९ साली मात्र त्यांचा मतदारसंघ होता 'उत्तर-मध्य'. त्यांनी वांद्रे सोडलं नव्हतं. वांद्रेच एका मतदारसंघातून दुसऱ्यात गेलं होतं. धारावीचंही तसंच. एकनाथ गायकवाडांनी २००४ मध्ये मनोहर जोशींना हरवलं तेव्हा धारावी उत्तर-मध्यमध्ये होती. २००९ मध्ये ते पुन्हा जिंकले तोवर ती दक्षिण-मध्यमध्ये आली होती.

हे का होतं, ते आज पाहू.

१९५२ च्या पहिल्या निवडणुकीत 'मुंबई शहर उत्तर' हा मतदारसंघ दोन खासदारांचा होता. एक जागा सर्वसाधारण, दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव, आणि प्रत्येक मतदाराला दोन मतं. तिथेच राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून पराभूत झाले. १९५७ मध्ये 'मध्य मुंबई'ही अशीच जोडजागा होती. तिथून कॉम्रेड डांगे लोकसभेत गेले. १९६१ च्या कायद्याने या जोडजागा बंद झाल्या.

१९७७ पासून मुंबईत सहा मतदारसंघ आहेत. त्यांची आखणी १९७१ च्या जनगणनेवर झाली होती. मग १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने फेररचना थांबवली. ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन मनावर घेतलं, त्यांच्याच जागा घटू नयेत, हा त्यामागचा विचार.

रेषा थांबल्या, माणसं थांबली नाहीत. १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरणगाव विस्कटला. खोली विकायची आणि मुलुंड, बोरिवली, कल्याण किंवा विरारला जायचं, असं घरोघरी घडलं. २००१ च्या जनगणनेत शहर जिल्ह्यात सुमारे ३३ लाख लोक होते आणि उपनगरात ८६ लाख. विधानसभेच्या जागा मात्र दोन्हीकडे सतरा-सतराच! म्हणजे गिरगावातल्या एका मताचं वजन उपनगरातल्या अडीच मतांएवढं.

ही तफावत न्यायमूर्ती कुलदीप सिंह यांच्या परिसीमन आयोगाने दूर केली. २००८ च्या आदेशाने शहराच्या जागा सतरावरून दहा झाल्या, उपनगरांच्या सव्वीस. उमरखाडी, खेतवाडी, ऑपेरा हाऊस, चिंचपोकळी, परळ ही नावं यादीतून गेली. लोकसभेचे मतदारसंघ सहाच राहिले, त्यांची नावंही तीच राहिली, पण आतली वस्ती बदलली. वरळी, शिवडी हा गिरणगावचा भाग पूर्वी दक्षिण-मध्यचा कणा होता. तो आता मलबार हिल आणि कुलाब्यासोबत 'दक्षिण'मध्ये आला. 'दक्षिण-मध्य' हे नाव माहीम, धारावी, चेंबूर, अणुशक्तीनगरकडे सरकलं. म्हणून १९९९ चा दक्षिण-मध्यचा निकाल २०१४ च्या निकालाशेजारी ठेवून 'मतदार फिरला' म्हणणाऱ्यांनी आधी नकाशा पाहावा. अनेकदा मतदारच वेगळा असतो.

याच फेररचनेत पूर्वीच्या ठाणे आणि डहाणू या दोन मतदारसंघांच्या जागी ठाणे, कल्याण, भिवंडी आणि पालघर असे चार झाले. राज्याच्या एकूण जागा अठ्ठेचाळीसच, तेव्हा इकडे वाढल्या की कुठेतरी घटणारच. कोकणात राजापूर, रत्नागिरी आणि कुलाबा असे तीन मतदारसंघ होते. त्यांचे रायगड आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग असे दोन झाले. ज्या राजापूरने मधू दंडवत्यांना पुन्हा पुन्हा दिल्लीला पाठवलं, त्या नावाचा लोकसभा मतदारसंघच उरला नाही. चाकरमानी दिवा आणि नालासोपाऱ्याला स्थिरावला, त्याचं नाव तिथल्या मतदारयादीत गेलं, आणि त्यापाठोपाठ गावाकडची जागाही गेली.

प्रत्येक मताचं वजन सारखं हवं, हे तत्त्व योग्यच. त्याची किंमत मात्र विरळ वस्तीचा मुलूख मोजतो. मुंबईचा खासदार लोकलने तासाभरात मतदारसंघ ओलांडतो. चिपळूणपासून दोडामार्गपर्यंत मात्र एकच खासदार आहे. पुढच्या फेररचनेत लोकसंख्येबरोबर हे अंतरही हिशेबात धरायचं का, हे आपल्याला आत्ताच विचारायला हवं. आयोगाचा आदेश एकदा निघाला की त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याची वाट फार अरुंद असते. हरकती मसुद्यावरच घ्याव्या लागतात.