मुखवट्यामागचे वचन



लोकप्रिय चित्रपट म्हणजे निव्वळ करमणूक, असे म्हणून अनेक सुजाण माणसे त्याकडे पाठ फिरवितात. परंतु लाखो मुले ज्या कथेला आपली मानतात, तिच्यात त्यांना काय भावले हे पाहणे अगत्याचे असते. 'क्रिश' हे त्याचे बोलके उदाहरण होय.

२००३ साली राकेश रोशन यांचा 'कोई मिल गया' आला. परग्रहवासीयांना साद घालण्यासाठी त्यातील शास्त्रज्ञ ओंकाराच्या ध्वनीचा आधार घेतो. त्याचा पुढचा भाग 'क्रिश' २३ जून २००६ रोजी प्रदर्शित झाला. पूर्वार्ध रेंगाळतो, कथा भाबडी आहे, नायकाचा वेष पाश्चात्त्य वळणाचा आहे, असे आक्षेप समीक्षकांनी घेतले. ते सर्वस्वी चुकीचे नव्हते. साहसदृश्ये हाँगकाँगच्या टोनी चिंग यांनी बसविली होती आणि उत्तरार्ध सिंगापुरात घडतो. तरीही प्रेक्षकांनी, विशेषतः बालगोपाळांनी, चित्रपट डोक्यावर घेतला. काळे मुखवटे घालून मुले गल्लोगल्ली उड्या मारू लागली. दृश्यपरिणामांसाठी त्याला राष्ट्रीय पुरस्कारही लाभला.

हे यश केवळ उड्यांचे नव्हते. २००४ च्या 'स्पायडर-मॅन २' मधील उड्या अधिक सफाईदार होत्या. खरे मर्म मुखवट्याच्या प्रसंगात आहे. मुलाच्या शक्तीचा जगाने गैरवापर केला, तसा नातवाच्याही शक्तीचा होईल या भयाने आजीने कृष्णाला डोंगरांच्या कुशीत वाढविले. शक्ती उघड न करण्याचे वचन त्याने तिला दिले. सिंगापुरात सर्कशीचा तंबू पेटतो, आत मुले अडकतात आणि धर्मसंकट उभे राहते. वचन मोडावे की मुलांना मरू द्यावे? कृष्ण एक फुटका मुखवटा उचलून चेहऱ्यावर चढवितो आणि आगीत शिरतो. पुढे श्रेय आणि बक्षीसही तो बहिणीच्या शस्त्रक्रियेसाठी पैसे जमविणाऱ्या मित्राला मिळवून देतो.

बॅटमॅन आणि स्पायडर-मॅन हे दोघेही बालपणीच मातापित्यांना मुकलेले, एकाकी वीर. कृष्णाची कथा मात्र बंदिवासातील पित्याला सोडवून आजीपुढे उभे केल्यावाचून पूर्ण होत नाही. कंसाच्या कारागृहातून वसुदेव-देवकींना मुक्त करणाऱ्या श्रीकृष्णाची कथा ऐकत वाढलेल्या प्रेक्षकाला हे नाते उलगडून सांगावे लागले नाही.

वेष उसना होता, अंतःकरण आपले होते. म्हणूनच २०१३ च्या 'क्रिश ३' लाही गर्दी झाली. पण त्यात आजी नव्हती आणि पाश्चात्त्य उत्परिवर्तित वीरांशी साम्य असल्याची टीका अधिक तीव्र झाली. चित्रपटकारांनी यातून बोध घ्यावा, आणि पालकांनीही. मुखवटा बाजारात विकत मिळतो. तो कोणत्या वचनासाठी चढविला, हे मुलाला घरीच सांगावे लागते. ते सांगणारी आजी आज किती घरांत आहे, याचा विचार प्रत्येकाने करावा.