संगणकाची स्मृती आणि आपले दप्तर

(ठाणे जिल्ह्यातील अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



अठराव्या शतकाच्या अखेरीस ठाण्याच्या किल्ल्यात खोदकाम चालू असता काही ताम्रपट हाती लागले. शिलाहार राजा अरिकेसरी याने शके ९३९ मध्ये, म्हणजे इ. स. १०१७ मध्ये, दिलेल्या दानाची ती नोंद होती. अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे १०६० चा. हजार वर्षांपूर्वीच्या या नोंदी जाणकार मनुष्य आजही केवळ डोळ्यांनी वाचू शकतो. याउलट, १९९५ साली एखाद्या कार्यालयाने फ्लॉपीवर जपून ठेवलेली करआकारणीची यादी आज वाचायची म्हटले, तर ती फ्लॉपी वाचणारे यंत्रच सहजी सापडत नाही. आजच्या विषयाचे महत्त्व या विरोधात आहे. शासनाचा बहुतेक व्यवहार आता संगणकावर आला आहे. तेव्हा संगणक नोंद कोठे ठेवतो, कशी ठेवतो आणि ती किती काळ टिकते, हे ज्याच्या ताब्यात दप्तर आहे त्या प्रत्येकास ठाऊक असले पाहिजे.

टेबल आणि अभिलेख कक्ष

संगणकाला फक्त दोनच खुणा कळतात : शून्य आणि एक. अशी एक खूण म्हणजे एक बिट. आठ बिटांचा एक बाइट. आज प्रचलित असलेल्या युनिकोड पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह सामान्यतः तीन बाइट जागा घेते. ‘ठाणे’ या शब्दात ठ, काना, ण आणि मात्रा अशी चार चिन्हे आहेत. म्हणून तो शब्द बारा बाइटांत मावतो.

ही चिन्हे साठविण्याच्या जागा मुख्यतः दोन प्रकारच्या. तहसील कार्यालयात लिपिकाच्या टेबलावर चालू प्रकरण असते आणि निकाली प्रकरणे अभिलेख कक्षात रुमालात बांधून ठेवलेली असतात. संगणकातील रॅम म्हणजे हे टेबल. तिच्यातील सूक्ष्म विद्युत्भार सेकंदाला अनेक वेळा ताजा करावा लागतो. वीज गेली की टेबल कोरे होते. म्हणून अर्धवट टंकलेले पत्र वेळोवेळी ‘सेव्ह’ करावे, असा आग्रह असतो. रॅमपेक्षाही वेगवान आणि आकाराने लहान अशी कॅश स्मृती असते. लिपिकाच्या खिशातील टिपणवहीशी तिची तुलना करता येईल. रॉम या तिसऱ्या प्रकारात यंत्र सुरू होताना लागणाऱ्या कायम सूचना असतात. वीज गेली तरी त्या पुसल्या जात नाहीत.

दहा हजार बाइटांपासून

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भारतीय शास्त्रज्ञांनी बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० च्या सुमारास काम करू लागला. त्याची स्मृती फेराइटच्या बारीक कड्यांची होती. कडीतील चुंबकत्वाची दिशा म्हणजे शून्य किंवा एक. ४० बिटांचे एक पद, अशी २,०४८ पदे तिच्यात मावत. हिशेब केला तर हे १०,२४० बाइट होतात. आजच्या देवनागरीतील टंकलिखित दीड-दोन पानांपेक्षा अधिक मजकूर त्यात बसला नसता.

कायम साठवणुकीसाठी हार्ड डिस्क आली ती १९५६ मध्ये. आयबीएम कंपनीच्या त्या पहिल्या यंत्रात पन्नास तबकड्या होत्या आणि त्यांत सुमारे पन्नास लाख अक्षरे मावत. १९७१ मध्ये फ्लॉपी, १९८० च्या दशकात सीडी-रॉम, २००० च्या सुमारास पेन ड्राइव्ह, असा हा क्रम आहे. हार्ड डिस्क व फ्लॉपी चुंबकत्वावर चालतात. सीडीवर लेसर किरणाने वाचता येतील अशा खुणा असतात. पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड आणि एसएसडी ही फ्लॅश जातीची साधने. विद्युत्भार बंदिस्त कप्प्यांत कोंडून ठेवून ती नोंद राखतात.

स्कॅन केलेल्या एका पानाला अर्धा एमबी जागा लागते असे धरू. मग १९५६ च्या त्या यंत्रात दहाच पाने मावली असती. आजच्या ६४ जीबी पेन ड्राइव्हमध्ये एक लाख पाने मावतात. सबंध ग्रामपंचायतीचे दप्तर खिशात मावू शकते. परंतु खिशात मावणारी वस्तू खिशातून पडूही शकते, हे विसरून चालणार नाही.

नोंद नष्ट होते कशी ?

हार्ड डिस्कमध्ये फिरते भाग असतात. धक्का बसला वा झीज झाली की ती बंद पडते. फ्लॅश साधनांतील भार दीर्घकाळ न वापरल्यास हळूहळू ओसरतो. खाडीकाठच्या आपल्या दमट हवेत सीडी आणि चुंबकीय फितींवर बुरशी चढते. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत उल्हास नदीचे पाणी कल्याण, बदलापूर परिसरात शिरले. २७ जुलै २०१९ रोजी याच नदीच्या पुरात वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकून पडली. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये झालेल्या स्फोटांनी आसपासच्या इमारतींचेही नुकसान केले. कागद असो वा संगणक, तळमजल्यावरील एकाच खोलीत ठेवलेली एकमेव प्रत अशा वेळी वाचत नाही.

दुसरा धोका लिपीचा. युनिकोड रुळण्यापूर्वी अनेक कार्यालयांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसविलेले फॉन्ट वापरात होते. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर त्या फायली उघडल्या की निरर्थक चिन्हांची रांग दिसते. नोंद शाबूत असते, पण वाचता येत नाही. अशा फायली, फॉन्ट उपलब्ध आहे तोवरच, युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्याव्यात.

आपले कर्तव्य

कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेने नागरी सेवांचे संगणकीकरण फार लवकर हाती घेतले आणि तो उपक्रम राज्यातील इतर नागरी संस्थांना मार्गदर्शक ठरला. ठाण्यासह काही जिल्ह्यांतील जुने सातबारा व फेरफार स्कॅन करून नागरिकांना उपलब्ध करून देण्यात आले आहेत. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ नुसार अभिलेख सूचीबद्ध ठेवणे आणि संगणकीकरणास योग्य असे अभिलेख वाजवी मुदतीत संगणकीकृत करणे बंधनकारक आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० म्हणतो की, इलेक्ट्रॉनिक नोंद पुढे संदर्भासाठी वापरता येईल अशा स्थितीत राहिली पाहिजे. म्हणजे केवळ साठविणे पुरेसे नाही, ती उघडता आली पाहिजे.

यासाठी साधा नियम आहे. प्रत्येक महत्त्वाच्या नोंदीच्या तीन प्रती असाव्यात. त्या किमान दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात. आणि एक प्रत दुसऱ्या गावी असावी. ‘क्लाउड’ म्हणजे तरी काय ? कोणाच्या तरी इमारतीतील डिस्कच. आपल्याच जिल्ह्यात ऐरोली, रबाळे, महापे येथे अशी मोठी डेटा सेंटर उभी आहेत. तेथे प्रत ठेवताना ती कोणाच्या ताब्यात आहे आणि करार संपल्यावर परत कशी मिळणार, हे आधी लेखी ठरवून घ्यावे.

वर्षातून एकदा, मार्चअखेरीच्या हिशेबाबरोबरच, प्रत्येक साधनावरील काही फायली उघडून पाहाव्यात आणि तशी नोंद रजिस्टरात करावी. काही वर्षांनी सर्व नोंदी नव्या साधनावर उतरवून घ्याव्यात. शाळांनी आपल्या जनरल रजिस्टरच्या बाबतीत हे विशेष कटाक्षाने करावे. कारण त्यातील जन्मतारीख आणि जातीची नोंद यांवर पुढे एखाद्या विद्यार्थ्याचा दाखला, शिष्यवृत्ती आणि नोकरी अवलंबून असते. चाळीस वर्षांनी कोणी गृहस्थ आपल्या दारी येऊन ती नोंद मागेल. ती त्याला त्याच दिवशी देता यावी, एवढी व्यवस्था आज आपण करून ठेवली पाहिजे.