हमाल आणि फुटबॉल



या व्यासपीठावर विद्वान मंडळी भारदस्त विषयांवर बोलतात. आम्ही सातवीत शाळा सोडली, आणि पुढचे जे काही वाचले ते रॉकेलच्या दिव्याखाली व मोटारस्टँडवर. आज आम्ही बोलणार आहोत फुटबॉलवर. हसू नका. आम्ही स्वतः त्या चेंडूला कधी पाय लावलेला नाही, ही तक्रारच येथे मांडायची आहे.

निमित्त आमच्या गुडघ्याचे झाले. डॉक्टर म्हणाले, “व्यायाम करा.” आम्हांला राग आला. ज्याने वाशीमच्या बाजारात ऐन उमेदीची वर्षे पोती वाहिली, त्याला व्यायाम शिकवता? त्यावर ते शांतपणे म्हणाले, “ते काम होते. व्यायाम नव्हे.”

हे वाक्य पुष्कळ दिवस डोक्यात राहिले. दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची आवक सुरू झाली म्हणजे हमालाच्या दिवसाला शेवट नसतो. पूर्वी पोते क्विंटलभराचे असे. पुढे पन्नास किलोंचा कट्टा आला, तरी खांदा तोच आणि गुडघाही तोच. मजुरी पोत्यावर, म्हणून कोणी थांबत नाही. पहिलवान दमला की लंगोट सोडतो, दूध पितो, निजतो. हमालाने दमावे केव्हा, हे बाहेर उभा असलेला ट्रक ठरवतो. चाळिशीत कंबर धरलेली माणसे आमच्या आवारात पाहा. त्यांनी घाम काही कमी गाळलेला नव्हता.

आता एक कबुली. 2019 च्या हंगामाआधी आमच्यातली चार-पाच तरुण पोरे आमच्याकडे आली. “काका, संघटनेच्या पैशातून एक फुटबॉल घेऊ या,” असे त्यांचे म्हणणे. आम्ही त्यांना चांगलेच झाडले. दवाखान्याच्या मदतीला पैसा पुरत नाही, आणि तुम्हांला खेळ सुचतो! पोरे मुकाट्याने गेली. त्यांचा म्होरक्या जाताना एवढेच बोलला, “काका, दवाखान्यात जायच्या आधीचं मागतोय.” आम्हांला ते उद्धटपणाचे वाटले.

पुढे 2022 साली नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ पडद्यावर आला. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयाचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांच्या कामावर तो आधारलेला आहे. पावसात झोपडपट्टीतली मुले फुटकी बादली लाथाडीत खेळताना बारसे यांनी 2001 साली पाहिली व त्यांना चेंडू दिला. तेथून ते सारे सुरू झाले. अमिताभ बच्चन काम उत्तम करतात, पण आमचे डोळे त्या पोरांवरच होते. मास्तरांना जे बादलीत दिसले, ते आम्हांला समोर येऊन मागणाऱ्या पोरांत दिसले नाही. चित्रपट थोडा लांबला आहे, हेही सांगून टाकतो. त्या दिवशी मात्र तो आम्हांला लांब वाटला नाही.

मग आम्ही या खेळाचा इतिहास चाळला आणि थक्क झालो. इंग्लंडात 1850 च्या कायद्याने गिरण्यांतल्या स्त्रियांना व अल्पवयीनांना शनिवारी दुपारी दोनला सुट्टी मिळू लागली. पुढे अशी अर्धी सुट्टी इतर कामगारांतही पसरली, आणि त्या मोकळ्या दुपारी फुटबॉल वाढला. आज जगभर गाजणारा मँचेस्टर युनायटेड हा संघ 1878 साली रेल्वेच्या कारखान्यातल्या कामगारांनी काढला. आर्सेनल 1886 साली दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या कामगारांनी. आणि आपल्याकडे? नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना एकत्र करून रविवारच्या सुट्टीसाठी झगडा दिला. 1890 च्या जूनमध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी ती कबूल केली. आठवड्याच्या त्या एका दिवसासाठी सह्या गोळा कराव्या लागल्या, सभा भरवाव्या लागल्या. आम्ही लोखंड्यांची जयंती दर वर्षी करतो, हार घालतो. पण सुट्टी मिळाल्यावर माणसाने तिचे काय करावे, हा प्रश्न आम्हांला कधी पडला नाही. झोपावे, कपडे धुवावेत, फार तर पुढाऱ्याचे भाषण ऐकावे, एवढीच आमची कल्पना!

फुटबॉलच्या नियमांत आम्हांला एक गोष्ट फार आवडली. पंचेचाळीस मिनिटांचे दोन डाव, आणि मध्ये विश्रांती हा खेळाडूचा हक्क म्हणून लिहिलेला आहे. तेवढ्यासाठी त्याला मोर्चा काढावा लागत नाही.

शेवटी चेंडू घेतला. गाड्या निघून गेल्यावर आवार मोकळे होते, तेव्हा पोरे खेळतात. गोलाच्या जागी दोन्ही बाजूंना रिकाम्या बारदानाचे गठ्ठे ठेवतात. ज्याने पहिल्यांदा बॉल मागितला होता, त्याची कंबर मधल्या काळात गेली. आता तो थप्पीवर बसून शिट्टी वाजवतो. परवा आम्ही चालण्याचा व्यायाम म्हणून तिकडे गेलो, तर त्याने आम्हांलाच शिट्टी वाजवून बाजूला व्हायला सांगितले; आम्ही मैदानात उभे होतो.