नळ येण्याआधीची पंधरा मिनिटं

भगिनींनो, जय ख्रिस्त.

इथे उज्जैनला आमच्या मंडळीत बायका एकमेकींना ‘जय मसीह की’ म्हणतात. पण आज मराठीत बोलायचं आहे, म्हणून माझी आजी जसं म्हणायची तसंच म्हटलं. आजी नगरची. आजोबा इथल्या कापडगिरणीत कामाला लागले आणि आमचं घर क्षिप्रेकाठी आलं. मराठी माणसं या गावात शिंद्यांच्या काळापासून आहेत. गोपाळ मंदिर बायजाबाई शिंद्यांनी बांधलं. मात्र मराठी ख्रिस्ती घरं थोडी. रविवारची भक्ती हिंदीत, शेजार माळवी बोलणारा, आणि प्रार्थना तेवढी अजून मनात मराठीत येते.

महिला मंडळाच्या सभेत एक तक्रार मी कितीतरी वर्षं ऐकते आहे. ‘बाई, शास्त्र वाचायला वेळच होत नाही. मुलं मोठी झाली की वाचीन.’ मुलं मोठी होतात, मग नातवंडं येतात. ही तक्रार खोटी नाही. डबे, शाळेची बस, सासऱ्यांची औषधं, त्यातून नोकरी. अशा बाईला ‘रोज तासभर प्रार्थनेला बस’ असं सांगणं म्हणजे तिच्या डोक्यावर आणखी एक ओझं देणं. मी तसं सांगणार नाही. मला पहाटेबद्दल बोलायचं आहे.

पंडिता रमाबाईंचं नाव आपण सगळ्या घेतो. त्यांचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवलं, त्यासाठी लोकांचा रोष पत्करला आणि गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. पुढे लेकीला शिकवायची वेळ आली तेव्हा वडील थकले होते. मग आईनं शिकवलं. कधी? घरात विद्यार्थी, येणारे-जाणारे, रांधणं-वाढणं, दिवसभर उसंत नाही. म्हणून लक्ष्मीबाई पहाटे, पाखरं बोलू लागायच्या वेळेला, जमिनीवर निजलेल्या लहानग्या रमेला उचलून घ्यायच्या, लाडानं जागं करायच्या आणि तोंडी पाठ द्यायच्या. पुढ्यात पोथी नाही. आई म्हणायची, लेक मागून म्हणायची. घर जागं झालं की आई कामाला लागायची.

लक्ष्मीबाई ख्रिस्ती नव्हत्या. पण त्या पहाटेचं देणं आपल्याकडे कसं आलं ते पाहा. त्याच मुलीनं 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. मध्य प्रांतातल्या 1896-97 च्या दुष्काळात ती स्वतः फिरली आणि उपाशी मुलींना केडगावला घेऊन आली. कोवळ्या वयात दुष्काळातच तिचे आईवडील गेले होते. त्या मुलींच्या डोळ्यांत काय आहे हे तिला कुणी सांगावं लागलं नाही.

हे सगळं मोठं काम. मला मात्र जास्त ओढ आहे ती तिच्या शेवटच्या कामाची. रमाबाईंनी पवित्र शास्त्राचं भाषांतर करायला घेतलं. शास्त्र मराठीत होतं, पण खेड्यातल्या बाईला, नुकतंच अक्षर ओळखू लागलेल्या मुलीला ते जड जायचं. तिला आपलंसं वाटेल असं साधं मराठी हवं होतं. त्यासाठी त्या उतारवयाकडे झुकताना हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. काम वर्षानुवर्षं चाललं. छापखाना केडगावचाच, आणि खिळे जुळवणाऱ्या त्यांच्याच तिथल्या मुक्ती सदनातल्या बायका. मी कधीकधी ती बाई डोळ्यांपुढे आणते. दुष्काळात पोट पाठीला लागलेली आलेली, आता शिशाचा एकेक खिळा उचलून ओळीत बसवते आहे. एक काना, एक मात्रा. दिवसाअखेर किती झालं, तर थोडंसंच. पण असं थोडंथोडं जुळवत त्यांनी अख्खं शास्त्र छापलं. या काळात, 1921 च्या जुलैमध्ये, रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. आईनं काम सोडलं नाही. 5 एप्रिल 1922 ला त्याही गेल्या, तेव्हा भाषांतर पुरं झालेलं होतं.

आध्यात्मिक वाढ म्हटलं की आपल्याला मोठी सभा आठवते, भरून येणारे डोळे आठवतात. त्या सभांना मीही जाते आणि डोळे माझेही भरतात. पण सोमवारी काय? मला वाटतं, वाढ ही त्या खिळ्यांसारखी आहे. ज्या दिवशी मनाला काहीच वाटत नाही, वाचलेलं डोक्यावरून जातं, प्रार्थना कोरडी होते, त्या दिवशीचा खिळाही ओळीत बसलेला असतोच. तो दिवस फुकट गेला असं कुणी समजू नये.

आणि उशीर लागतो म्हणूनही कुणी खचू नये. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ तुमच्यापैकी पुष्कळजणींनी वाचलं असेल. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, लक्ष्मीबाईंचा 1900 चा. मधली पाच वर्षं त्या झगडत होत्या. नवऱ्याकडे परत आल्या तरी सोवळं वेगळं, चूल वेगळी, पाणी वेगळं. पुढे मनाशीच विचार करता करता त्यांना दिसलं की जातपात देवानं केलेली नाही, माणसानं केली आहे, आणि मग कुणाच्याही हातचं खायला त्या तयार झाल्या. आधी मन बदललं, मग पाणी पिणं बदललं, बाप्तिस्मा त्यानंतर. टिळक 1919 मध्ये गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अर्धवट राहिलं होतं. पुढचे बहुतेक अध्याय याच बाईनं लिहिले. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना धड लिहिता-वाचता येत नव्हतं.

स्वयंपाकघरातली बाई काय करू शकते, याचं एक उदाहरण मिझोरामचं. तिथल्या ख्रिस्ती बायका 1910 च्या सुमारापासून एक रीत पाळतात. भात शिजवायला घेतला की एक मूठ तांदूळ प्रभूच्या कामासाठी बाजूला काढायचा. दर खेपेला. मग तो गोळा करून विकायचा. गरिबीतून निघालेली ही मूठ आज तिथल्या मंडळ्यांना वर्षाला कोट्यवधी रुपये देते. माझी आई पीठ मळताना असंच करायची, चिमूटभर पीठ वेगळ्या डब्यात. मिझोराम कुठे आहे हे तिला ठाऊक नव्हतं.

आता आपल्या माळव्यातली गोष्ट. इथून जवळच्या देवास जिल्ह्यात उदयनगरला सिस्टर राणी मारिया काम करायच्या. केरळच्या, फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या. आदिवासी शेतमजुरांना सावकाराच्या हातून सोडवायचं, बँकेचं कर्ज मिळवून द्यायचं, बायकांचे बचतगट करायचे, हे त्यांचं काम. 25 फेब्रुवारी 1995 ला इंदूरकडे निघालेल्या बसमध्ये त्यांना भोसकून मारलं. वय 41. 2017 मध्ये इंदूरला त्यांना धन्य घोषित केलं गेलं. पण मला सांगायचं आहे त्यांच्या धाकट्या बहिणीबद्दल. सेल्मी पॉल, त्याही सिस्टर. 2002 मध्ये त्या तुरुंगात गेल्या आणि बहिणीच्या मारेकऱ्याला राखी बांधली. त्याला भाऊ म्हटलं. 1995 ते 2002, मोजून पाहा. क्षमेचं तोंडानं बोलायला मिनिट लागतं. ती हातापर्यंत उतरायला किती पहाटा लागल्या असतील?

हे ऐकून मी भारावले होते. आणि त्याच सुमारास माझं माझ्या शेजारणीशी बोलणं बंद होतं. कारण इतकं लहान की सांगायची लाज वाटते. आमच्याकडे उन्हाळ्यात एक दिवसाआड पाणी येतं, सार्वजनिक नळावर रांग लागते. रांगेतल्या हंड्यावरून शब्द गेला, आणि चार वर्षं आम्ही एकमेकींकडे पाहिलं नाही. मी पहाटे उठत होते, नळ येण्याआधी पंधरा मिनिटं आईचं शास्त्र घेऊन ओट्याशी बसत होते. आईच्या शास्त्रात मत्तयच्या सहाव्या अध्यायाच्या पानावर हळदीचा डाग आहे, तिच्या अंगठ्याचा. तिथे प्रभूची प्रार्थना आहे. पाळणाघरातल्या पोरालाही पाठ असते ती. मी रोज म्हणायची आणि क्षमेची ओळ आली की भरभर पुढे जायची. एका सकाळी पुढे जाता येईना. तिथेच थांबले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. असे आठ-दहा दिवस गेले. बाकी काही वाचलं नाही.

मग एकदा नळावर गेले तर शेजारणीचा उजवा हात प्लास्टरमध्ये. डाव्या हातानं हंडा सरकवत होती. मी काही ठरवून गेले नव्हते. हंडा उचलला, भरला, तिच्या दाराशी नेला. ती म्हणाली, ‘यहीं रख दो.’ एवढंच. रडारड नाही, गळामिठी नाही. दुसऱ्या वेळी पाणी आलं तेव्हा पुन्हा नेला. तिसऱ्यांदा तिनं दार उघडंच ठेवलं होतं.

भगिनींनो, तुमच्याकडे नळाची वेळ वेगळी असेल, नळच नसेल, कामावर जायची लोकल असेल. सुनेला मी सांगते, बसमध्ये कानात लावून एक अध्याय ऐक, तोही चालतो. थोडं वाचा, शक्य असेल तर मोठ्यानं आणि आपल्या बोलीत. मनात अडकलेलं एक नाव घ्या, सगळ्या जगाचं नको. एखादी ओळ पुढे सरकू देत नसेल, तर तिच्यापाशी थांबा. तिथेच प्रभू तुमच्याशी बोलत असेल. एखादी पहाट चुकली तर दुसऱ्या दिवशी परत बसा, हिशेब धरू नका.

शेजारणीचं प्लास्टर निघून आता वर्ष होत आलं. तिची झोप माझ्याहून सावध. नळ आला की ती मधल्या भिंतीवर दोनदा थाप मारते. तोवर माझा अध्याय बहुधा झालेला असतो. झाला नसेल तर मी पानात खूण घालते आणि हंडा घेऊन उठते.