दुकानाची पायरी

(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



दोन शब्द बोलण्याची आज्ञा झाली, याबद्दल आम्ही कार्यकारी मंडळाचे ऋणी आहोत. आपल्या संस्थेच्या इमारतीतील सहा गाळ्यांचे नूतनीकरण यंदा व्हावयाचे आहे. काचा, दिवे, पाट्या यांची चर्चा झाली; दारातील तीन पायऱ्यांविषयी मात्र कोणी बोलले नाही.

गतवर्षी धाकट्या कन्येच्या लग्नाचा बस्ता बांधावयास आम्ही सहकुटुंब बाजारात गेलो. अर्धांगवायूच्या आजारापासून आमची पत्नी चाकांच्या खुर्चीत असते. दुकान नुकतेच नवे केलेले, फरशी संगमरवरी. परंतु पायऱ्या जुन्याच. दुकानदाराने आदरपूर्वक साड्या रस्त्यावर आणून दाखविल्या. वाहनांच्या गर्दीत ती पहिल्याच साडीला "आवडली" म्हणाली. तिला केवळ घरी परतावयाचे होते. तेथे आदर होता, वाट नव्हती.

पावसाचे पाणी आत शिरू नये म्हणून पूर्वजांनी जोती उंच बांधली. त्यांस दोष नाही. परंतु आपण फरशी उखडून नवी बसवितो आणि पायरी तशीच ठेवतो, तो दोष आपला होय.

आम्ही शाळामास्तर, म्हणून थोडे गणित मांडतो. उताराचे प्रमाण बारास एक असावे. सहा इंचांच्या तीन पायऱ्या म्हणजे अठरा इंच उंची; तीस अठरा फूट लांबीचा उतार हवा. दहा फुटी गाळ्यापुढे तो सरळ मावणार नाही, आणि रस्त्यावर अतिक्रमण करणेही योग्य नव्हे. मात्र सहाही गाळ्यांपुढचा ओटा एकसंध व सपाट केला, तर त्याच्या टोकाशी भिंतीलगत एकच उतार सर्वांस पुरेल. दोन्ही बाजूंस कठडा, वर व खाली खुर्ची वळण्यापुरती सपाट जागा, ९०० मिलिमीटर मोकळे दार, उंबरठा नाही, आणि गल्ल्याचा काही भाग बसलेल्या माणसाच्या हाताशी येईल इतका बुटका, एवढे करावे. हे आराखड्यातच धरले तर खर्च माफक. मागाहून तोडफोड केली तर दुप्पट कष्ट.

हा केवळ दयेचा प्रश्न नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने व्यापारासाठी लोक वापरतात अशी खाजगी इमारतही सार्वजनिक इमारत मानली आहे. नियम २०१७ साली निघाले. जुन्या इमारतींस दिलेली पाच वर्षांची मुदत सरून गेली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेचे किमान नियम ऐच्छिक नव्हे, बंधनकारक असावेत, असा निर्णय दिला.

बंधूंनो, आज सभागृहात बसलेल्या आपणांपैकी अनेकांचे गुडघे उद्या हीच पायरी मोजणार आहेत. म्हणून अंदाजपत्रकात पहिली रक्कम ओटा व उतार यांसाठी मांडावी, दिव्यांची मागाहून, एवढी नम्र सूचना करून आम्ही आपली रजा घेतो.